फडावरचा कर्णा आणि नभोवाणी

सन २००५ ची महाराष्ट्र-केसरी स्पर्धा इंदापुरास भरली आणि मानाची गदा सईद चाऊस यांनीं जिंकली. पुढल्या वर्षींचा, म्हणजे २००६ चा, मान बारामतीनें घेतला. तेथें अमोल बुचडे विजयी झाले. एकाच जिल्ह्यांतील, एकमेकांस लागून असलेल्या दोन तालुक्यांच्या गांवांनीं लागोपाठ दोन वर्षें महाराष्ट्रांतील सर्वांत मोठा फड आपल्या दारीं आणावा, ही गोष्ट १९६१ सालापासून चालत आलेल्या या स्पर्धेच्या इतिहासांत लहान नव्हे. परंतु ज्यांस या मुलखाचा स्वभाव ठाऊक आहे त्यांना तिचें फारसें नवल वाटणार नाहीं. नीरेच्या डाव्या कालव्याचें पाणी गेल्याच्या मागच्या शतकाच्या अखेरीस येथें आलें. पाण्यामागून ऊस आला, उसामागून साखर-कारखाने आले, आणि कारखान्यांमागून एकमेकांशीं बरोबरी करण्याची हौसहि आली. शेजारच्या यात्रेंत शेवटच्या जोडीस जें इनाम लागलें त्याहून आपल्या यात्रेंत चढें लागलें पाहिजे, ही ईर्ष्या नीरा आणि भीमा यांच्या मधल्या पट्ट्यांत कोणत्याहि गांवीं भेटेल.

अशा मुलखांत खेळाचें वर्णन ऐकविणाऱ्या नभोवाणी-केंद्रांचीहि चढाओढ व्हावयास हवी होती. अमेरिकेंत ती नित्याची आहे. पिट्सबर्ग येथील केडीकेए या केंद्रानें ११ एप्रिल १९२१ रोजीं एका मुष्टियुद्धाचें वर्णन प्रक्षेपित केलें व त्याच वर्षींच्या ऑगस्टांत बेसबॉलच्या सामन्याचें. तेव्हांपासून तेथील मध्यम आकाराच्या शहरांत सुद्धां दोन-तीन केंद्रें आपापल्या गांवच्या संघाचे सामने ऐकविण्याचा हक्क मिळविण्यासाठीं एकमेकांवर बोली चढवीत आलीं. १ जुलै १९८७ रोजीं न्यूयॉर्क येथें डब्ल्यूएफएएन हें केंद्र अहोरात्र केवळ खेळांविषयींच बोलण्यासाठीं सुरू झालें, आणि त्याचा कित्ता पुढें गांवोगांव गिरवला गेला. सामना दोन-तीन तासांत संपतो. उरलेले वीस-एकवीस तास श्रोत्यांनीं दूरध्वनीवरून तक्रारी कराव्या आणि निवेदकानें त्यांत तेल ओतावें, असा हा व्यवसाय आहे. १९९६ च्या कायद्यानें एकाच कंपनीला अनेक केंद्रें बाळगण्याची जवळ जवळ मोकळीक दिल्यानंतर या चढाओढीचें रूप पुष्कळ ठिकाणीं एकाच सावकाराच्या दोन पेढ्यांनीं समोरासमोर बसून गिऱ्हाइकास हाका माराव्या तसें झालें आहे, ही गोष्ट निराळी. तथापि त्या हाकांमुळें एक लाभ निश्चित झाला. गांवचा संघ, गांवचा खेळाडू, गांवचें मैदान यांचें वर्णन गांवच्याच तोंडानें झालें आणि त्या वर्णनाची एक परंपरा उभी राहिली.

आपल्याकडे असें घडलें नाहीं. मात्र चढाओढच नव्हती असें म्हणणें चुकीचें ठरेल. ती केंद्राकेंद्रांत नव्हती. ती होती नभोवाणी आणि फडावरचा कर्णा या दोन आवाजांत. त्या दोहोंची हकीकत जुळवून पाहिल्याशिवाय बारामती-इंदापुराकडील आजची स्थिति नीटशी कळावयाची नाहीं.

आपल्या नभोवाणीचा आरंभ, अमेरिकेंतल्याप्रमाणेंच, खाजगी हौसेनें झाला. जून १९२३ मध्यें मुंबईच्या रेडिओ क्लबनें पहिला कार्यक्रम ऐकविला. २३ जुलै १९२७ रोजीं एका खाजगी कंपनीचें केंद्र मुंबईस सुरू झालें. ती कंपनी तीन वर्षांच्या आंतच बुडाली. १९३० सालीं सरकारनें तो संसार आपल्या अंगावर घेतला आणि जून १९३६ पासून त्यास ऑल इंडिया रेडिओ हें नांव मिळालें. येथून पुढें साठ वर्षें केंद्रें अनेक पण धनी एक, असा प्रकार झाला. धनी एक म्हटल्यावर केंद्राकेंद्रांत स्पर्धा कसली? स्पर्धा उरली ती फार तर ध्वनिग्राहकापुढें कोणी बसावें एवढ्यापुरती. १९३४ सालच्या मुंबईच्या चौरंगी सामन्यांचें वर्णन ए. एफ. एस. तल्यारखान यांनीं केलें आणि त्यांच्या वाणीनें इंग्रजी जाणणारा श्रोतृवर्ग वेडावून गेला. दिवसच्या दिवस हे गृहस्थ एकटे बोलत. पुढें एका सामन्यास अनेक समालोचक ही पद्धति आली तेव्हां दुसऱ्याबरोबर ध्वनिग्राहक वांटून घेण्यापेक्षां तो सोडणें त्यांनीं पत्करलें, असें सांगतात. मला या हट्टांत गर्वापेक्षां कारागिराचा अभिमान अधिक दिसतो. पण तें कांहीं असो. हा सर्व थाट इंग्रजी भाषेंतला व मुंबईच्या जिमखान्यांवरचा होता. नीरेकांठच्या शेतकऱ्याच्या कानाशीं त्याचा संबंध नव्हता.

मराठी मुलखांतील खेळ आणि नभोवाणी यांची गांठ किती उशिरां पडली याचें एकच उदाहरण देतों. डिसेंबर १९४८ मध्यें पुण्यास काठेवाडाविरुद्ध खेळतांना भाऊसाहेब निंबाळकर यांनीं नाबाद ४४३ धावा केल्या. ब्रॅडमनचा ४५२ चा उच्चांक अवघ्या नऊ धावांवर असतां प्रतिपक्षाच्या कर्णधारानें पुढें खेळण्याचें नाकारलें, व एका भारतीय फलंदाजाचा प्रथम दर्जाच्या सामन्यांतील तो सर्वोच्च डाव तसाच अर्धवट राहिला. हें घडलें त्या पुण्यांत नभोवाणी-केंद्र निघावयास अद्यापि जवळ जवळ पांच वर्षें अवकाश होता. तें २ ऑक्टोबर १९५३ रोजीं सुरू झालें. त्या केंद्रानें खेड्यांकडे तोंड वळविलें हें मात्र त्याचें श्रेय आहे. १९५६ सालीं युनेस्कोच्या साह्यानें पुणें केंद्रानें पांच मराठी जिल्ह्यांतील सुमारें दीडशें खेड्यांत श्रोतृमंडळांचा जो प्रयोग केला त्याची कीर्ति परदेशांतहि गेली. गांवकऱ्यांनीं एकत्र बसून ऐकावें, ऐकलेल्यावर बोलावें आणि मग कांहीं करावें, ही त्यांतली कल्पना होती. विषय होते शेती, आरोग्य, साक्षरता, ग्रामकारभार. ज्या गोष्टीसाठीं तोच गांवकरी वीस मैल चालत जाऊन दिवसभर उन्हांत बसे, ती कुस्ती या विषयांच्या यादींत नव्हती.

क्रीडेचें मराठी धावतें वर्णन लोकप्रिय झालें तें क्रिकेटच्या आश्रयानें, आणि त्याचा मोठा वांटा पुण्याचे बाळ ज. पंडित यांचा. ते स्वतः महाराष्ट्राकडून खेळलेले असल्यामुळें त्यांच्या बोलण्यांत खेळाचें ज्ञान होतें. आणि बोलणें घरगुती, स्वच्छ मराठीचें. २०१५ सालीं ते निवर्तले. त्यांच्या आणि वि. वि. करमरकर यांच्यासारख्या क्रीडा-संपादकांच्या पिढीनें जे शब्द घराघरांत नेले ते आज इतके अंगवळणीं पडले आहेत कीं ते कोठून आले हें आपण विचारीत नाहीं. विचारण्यासारखें मात्र आहे. त्रिफळाचीत, धावचीत, पायचीत, यष्टिचीत या सर्वांतला चीत हा कोठला? क्रिकेटमध्यें कोणी कोणाच्या पाठीला माती लावीत नाहीं. हा चीत आखाड्यांतला; चितपट कुस्तीचा. खेळाडू बाद झाला ही कल्पना मराठी कानाला पटवावयाची तर तो उताणा पडल्याशिवाय ती पटेना, म्हणून चेंडूनें यष्टि उडाली तरी माणूस चीत झाला! गोलंदाज तर त्याहून जुना. तोफेचा गोळा डागणारा तो मराठी फौजांतला गोलंदाज. त्याच्याच हातीं पुढें चामड्याचा चेंडू दिला गेला, व फळी घेऊन त्याच्यापुढें उभा राहणारा तो त्याच वळणावर फलंदाज झाला. माझ्या वर्गांतील मुलांस हें सांगितलें म्हणजे तीं हंसतात, आणि मग थोडीं गप्प होतात. क्रिकेटच्या मराठी वर्णनाला शब्द आखाड्यानें आणि रणांगणानें पुरविले. ध्वनिग्राहक मात्र क्रिकेटच्या वांट्यास आला. देणेकरी उपाशी राहिला आणि घेणेकरी सिंहासनावर बसला, असा हा व्यवहार आहे.

मग आखाडा मुका होता काय? मुळींच नाहीं. त्याचा स्वतःचा आवाज होता. तो हलगीचा, आणि हलगीच्या मागोमाग कर्ण्यांतून येणारा निवेदकाचा. यात्रेचा फड सकाळीं लहान पोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्यांनीं सुरू होतो आणि दिवस कलतांना शेवटच्या नेमलेल्या जोडीपर्यंत चढत जातो. या साऱ्या वेळांत निवेदकाचें तोंड बंद नसतें. जोडींतल्या प्रत्येकाचें नांव, गांव, तालीम, वस्ताद, मागच्या वर्षीं कोठें कोणाला आस्मान दाखविलें, इनाम कोणी लावलें, त्यांत भर कोणी घातली, हें सर्व तो पाठ म्हटल्यासारखें सांगतो. मधूनच उठलेल्या लोकांना खालीं बसवितो. एखाद्या म्हाताऱ्या मल्लास फडांत बोलावून त्याचा फेटा बांधवितो. आणि कुस्ती रंगांत आली कीं ढाक, मोळी, घिस्सा, लपेट अशीं डावांचीं नांवें पुकारतो. कोल्हापुराकडील कोथळीचे शंकर पुजारी यांचें नांव या कलेंत आज सर्वत्र घेतलें जातें. त्यांचा आवाज ऐकूं आला कीं फड मोठा आहे हें लोक न विचारतां ओळखतात.

ही कला आणि नभोवाणीचें समालोचन या दोन वस्तु वरवर सारख्या, पण मुळांत भिन्न आहेत. १५ जानेवारी १९२७ रोजीं इंग्लंड-वेल्स रग्बी सामन्याचें वर्णन बी.बी.सी.वर प्रथमच व्हावयाचें होतें. त्यासाठीं टेडी वेकलम याला जेव्हां तयार केलें तेव्हां त्याच्यासमोर एक अंध माणूस बसविला होता व याला दिसेल असें बोल, एवढेंच त्यास सांगितलें होतें, अशी गोष्ट आहे. मैदानाचे चौकोन पाडून त्यांचा आंकडेवार नकाशाहि आधीं छापून दिला होता. म्हणजे नभोवाणीचा समालोचक डोळ्यांना दिसणारें कानांना सांगतो. फडावरचा निवेदक याच्या नेमकें उलट करतो. त्याच्या समोरच्या हजारों लोकांना कुस्ती दिसतच असते; न दिसणारें तेवढें तो सांगतो. मल्लाच्या पाठीशीं कोणतें घराणें आहे, हा कोणाचा पठ्ठा, या दोन गांवांत मागें काय घडलें, हें तो सांगतो, आणि मातीवर झोंबणाऱ्या दोन देहांना एक वंशावळ जोडून देतो. एकानें चित्र काढावें, दुसऱ्यानें चरित्र लिहावें, असा हा भेद आहे. चांगल्या स्थानिक क्रीडा-केंद्राला दोन्ही पाहिजेत. अमेरिकेंतल्या लहान शहरांच्या केंद्रांनीं तीं दोन्ही एकत्र केलीं, यांतच त्यांच्या चढाओढीचें सार्थक आहे. आपल्याकडे चित्र सरकारी नभोवाणीकडे राहिलें, चरित्र कर्ण्याकडे. आणि दोघांची भेट झाली नाहीं.

याचा दोष सर्वस्वीं सरकारी उदासीनतेवर टाकणें मला न्याय्य वाटत नाहीं. निकाली कुस्ती ही नभोवाणीच्या दृष्टीनें मोठी अवघड वस्तु आहे. तिला घड्याळ नाहीं. ती पहिल्या मिनिटास संपेल किंवा तास दीड तास दोन मल्ल मानेवर हात ठेवून एकमेकांना रेटीत राहतील. आणि ज्याला आपण कांहीं घडत नाहीं म्हणतों त्याच वेळीं जाणत्याच्या मतें सर्व कांहीं घडत असतें. ताबा कोणाचा, दम कोणाचा तुटला, कोणाचा गुडघा मातींत किती रुतला, हें शब्दांत आणावयास समालोचकाला स्वतः लंगोट लावलेला असावा लागतो. सातला पंचवीस कमी असतां बाजारभाव आणि सातला पांच कमी असतां बातम्या, अशा तक्त्यावर चालणाऱ्या संस्थेनें एवढा धीर कोठून आणावा? पण महाराष्ट्र-केसरींत मातीबरोबर गादीचाहि विभाग आहे, आणि अखेरची लढत या दोन विभागांच्या विजेत्यांत होते. गादीवरची कुस्ती तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांची, गुणांवर चालणारी. ती नभोवाणीसाठींच निर्माण केली असावी इतकी तिच्या सोयीची आहे. हुतूतूचेंहि तेंच. एकेक चढाई अर्ध्या मिनिटाची. मध्यरेषा, निदानरेषा, पकड, सुटका, असें सारें कानानें पाहण्यासारखें. तेव्हां अडचण खेळाची होती हें कारण अर्धेंच खरें. उरलेलें अर्धें कारण हें कीं दुसरा कोणी करीत नव्हता, म्हणून पहिल्यास करण्याची निकड नव्हती.

स्पर्धक आला म्हणजे काय होतें तें संगीताच्या बाबतींत आपण पाहिलेंच आहे. १९५२ च्या सुमारास मंत्री बा. वि. केसकर यांच्या कारकीर्दींत चित्रपट-गीतें आकाशवाणीवरून हद्दपार झालीं, तोंच श्रोते समुद्रापलीकडच्या रेडिओ सिलोनकडे वळले. पांच वर्षांत सरकारला ३ ऑक्टोबर १९५७ रोजीं विविधभारती सुरू करावी लागली, आणि १ नोव्हेंबर १९६७ पासून तर मुंबई, नागपूर व पुणें येथें तींत जाहिरातीहि आल्या. एका परक्या केंद्रानें जें केलें तें घरच्या शेंकडों अर्जांनीं झालें नसतें. खेळाच्या बाबतींत असा सिलोन कोणी नव्हता. कोल्हापूरच्या खासबागेंतली किंवा इंदापूरच्या फडावरची कुस्ती समुद्रापलीकडून कोण सांगणार?

एकाधिकाराची ही भिंत ज्या घावानें फुटली तो घाव मात्र खेळानेंच घातला, ही या इतिहासांतील मोठी गमतीची गोष्ट आहे. नोव्हेंबर १९९३ मध्यें कलकत्त्याच्या क्रिकेट संघटनेनें हीरो चषकाच्या सामन्यांचे चित्र-प्रक्षेपणाचे हक्क एका परदेशी कंपनीस विकले. दूरदर्शनानें त्यास विरोध केला, आणि तंटा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. ९ फेब्रुवारी १९९५ रोजीं न्यायालयानें निकाल दिला कीं ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. तिच्यावर सरकारची मिरास नाहीं, आणि पैसेवाल्यांचीहि असूं नये. त्या पीठावरील न्या. पी. बी. सावंत हे मराठी गृहस्थ; निवृत्तीनंतर ते पुण्यास राहत व २०२१ सालीं तेथेंच वारले. क्रिकेटच्या धनवंतांचा तंटा तोडतांना दिलेल्या या निकालाच्या आधारावर पुढें देशांत गांवच्या केंद्रांची मागणी उभी राहिली. आधीं शिक्षणसंस्थांना परवानगी मिळाली. १ फेब्रुवारी २००४ रोजीं चेन्नईच्या अण्णा विद्यापीठाचें केंद्र निघालें. आणि २००६ च्या अखेरीस नव्या धोरणानें स्वयंसेवी संस्था व कृषि-विज्ञान-केंद्रें यांनाहि दार उघडलें. वर्ष पुन्हा एकदां पाहावें. ज्या वर्षाचा महाराष्ट्र-केसरी बारामतीनें भरविला त्याच वर्षाच्या शेवटीं, बारामतीसारख्या गांवच्या संस्थांनीं स्वतःचें नभोवाणी-केंद्र चालवावें हा मार्ग पुरता मोकळा झाला. गदा येऊन गेली आणि ध्वनिग्राहक मागून आला.

बारामतीनें या मार्गाचा लाभ घेतला, तो एकदां नव्हे, दोनदां. १९७२ सालीं स्थापन झालेल्या विद्या प्रतिष्ठानाच्या आश्रयानें ९०.४ वर वसुंधरा वाहिनी, आणि कृषि-विज्ञान-केंद्राची ९०.८ वर शारदा कृषि वाहिनी. सुई केसभर सरकविली कीं एकीवरून दुसरीवर. देशांत पुष्कळ जिल्ह्यांच्या ठिकाणीं असें एकहि केंद्र नसतां तालुक्याच्या एका गांवाच्या परिसरांत दोन असावीं, हें विशेष आहे. एक शिक्षणसंस्थेचें, दुसरें शेतीचें. व्यापारी अर्थानें त्यांना प्रतिस्पर्धी म्हणतां येत नाहीं आणि म्हणूंहि नये. शेतकरी, स्त्रिया, विद्यार्थी यांच्यासाठीं बोलणें हा त्यांचा धर्म. परंतु ऐकणारा कान एकच असतो, आणि त्या कानानें कोणाकडे वळावें ही निवड सुरू झाली कीं चढाओढ आपोआप आली. हिला मी वाईट समजत नाहीं. पोवाड्याच्या दोन फडांनीं एका रात्रीं समोरासमोर उभें राहिल्याशिवाय शाहीरहि चांगला गात नसे.

आतां कायदा काय म्हणतो तें पाहिलें पाहिजे, कारण खरी मौज तेथेंच आहे. २०११ सालच्या धोरणानें खाजगी एफ.एम. केंद्रांना घालून दिलेली मर्यादा, जी सामुदायिक केंद्रांच्या नियमांतहि आली, अशी: खेळांविषयीं माहिती सांगण्यास हरकत नाहीं, पण सामन्याचें प्रत्यक्ष प्रक्षेपण करावयाचें नाहीं, मात्र स्थानिक स्वरूपाच्या क्रीडाप्रसंगांचें थेट समालोचन करतां येईल. या मर्यादेचा परिणाम उघड आहे. ज्या क्रिकेटच्या तंट्यांतून या केंद्रांचा जन्म झाला त्या मोठ्या क्रिकेटला त्यांनीं शिवावयाचें नाहीं. आणि ज्या आखाड्याला सत्तर वर्षें ध्वनिग्राहक मिळाला नाहीं तो आखाडा तेवढा त्यांच्यासाठीं मोकळा ठेवलेला आहे! नियम लिहिणाऱ्याच्या मनांत कुस्तीविषयीं प्रेम होतें असें मानण्याचें कारण नाहीं. मोठ्या सामन्यांच्या हक्कांचें मोल राखावें एवढाच हेतु दिसतो. पण हेतु कांहींहि असो, उसाच्या चोयट्यांबरोबर गुळाचा खडा यावा तसें हें झालें आहे.

आतां स्थानिक स्वरूप म्हणजे काय, याची व्याख्या नियमानें केलेली नाहीं. यात्रेची कुस्ती आणि तालुक्याचे हुतूतू सामने स्थानिक, यांत वाद नाहीं. पण फेब्रुवारी २०२० मध्यें बारामतीच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर क्रीडांगणावर महाराष्ट्र आणि उत्तराखंड यांचा रणजी सामना झाला, तो स्थानिक कीं नव्हे? मैदान स्थानिक, प्रेक्षक स्थानिक, हक्क मात्र दूरच्या क्रिकेट-मंडळाचे. आणि महाराष्ट्र-केसरी? ती इंदापुरास भरली तर इंदापुराची स्थानिक कुस्ती होते, कीं सबंध राज्याची म्हणून परकी ठरते? माझ्या मतें नियमाचा अर्थ मैदानावरून लावावा, चषकावरून लावूं नये. उलट अर्थ लावला तर गांवच्या केंद्रानें गांवांतील सर्वांत मोठ्या दिवशीं गप्प बसावें, असा विपरीत प्रसंग येईल.

पैशाचीहि बाजू आहेच. सामुदायिक केंद्राला जाहिराती घेण्याची मुभा आरंभीं तासाला पांच मिनिटें होती. ती वाढत वाढत २०२४ च्या नियमांत बारा मिनिटांवर आली. एका यात्रेच्या फडांत इनाम लावणाऱ्यांचीं नांवें निवेदक ज्या विस्तारानें पुकारतो ती पाहतां, बारा मिनिटें भरण्याची पंचाईत कोणत्याहि केंद्राला पडूं नये. व्यापारी केंद्राची वाट मात्र या गांवांनीं इतक्यांत पाहूं नये. खाजगी एफ.एम.चा विस्तार, सीमेवरील कांहीं गांवें वगळतां, लाखावर वस्तीच्या शहरांपुरताच आंखला गेला. ऑगस्ट २०२४ मध्यें सरकारनें आणखी २३४ शहरांतील ७३० वाहिन्यांच्या लिलावास मंजुरी दिली तीहि त्याच आराखड्यांतली. आणि पुण्याच्या खाजगी केंद्रांचा अनुभव काय सांगतो? केंद्रें अनेक झालीं, पण सर्वांची गाणीं बहुतेक तींच. केंद्रांची संख्या वाढली म्हणजे स्पर्धा वाढतेच असें नाहीं.

इकडे कर्णा मात्र स्वस्थ बसला नाहीं. मोठमोठ्या फडांचें दृश्य आज भ्रमणध्वनीच्या पडद्यावर थेट दिसतें. चित्रण करणारे तरुण स्वतंत्र समालोचक आणीत नाहींत. फडावरच्या निवेदकाचाच आवाज चित्राबरोबर जातो, आणि दुबईंत बसलेला माळेगांवचा पोरगा तो ऐकतो. नभोवाणीनें ज्याला नव्वद वर्षें आंत घेतलें नाहीं तो कर्णा नभोवाणीला वळसा घालून जगभर गेला, असें म्हणण्यास हरकत नाहीं. निवेदक न दिसणारें सांगतो, पडदा दिसणारें दाखवितो. चित्र आणि चरित्र यांची भेट अखेर तेथें झाली. मग गांवच्या नभोवाणीला काम उरलें काय?

उरलें आहे, आणि त्याचें कारण या मुलखाच्या शेतींत आहे. पडद्यासाठीं डोळे मोकळे लागतात. शेतीच्या पंपाला वीज रात्रींची मिळते. उसाचें दारें धरणारा माणूस सरीवरून सरीवर पाणी वळवीत फिरतो, हात चिखलांत आणि नजर पाण्याच्या तोंडावर. ऊसतोडणीच्या टोळींतील बायामाणसांचे हात कोयत्याला गुंतलेले, गाडीवानाची नजर रस्त्यावर. या सर्वांचा कान तेवढा मोकळा असतो. त्यांच्यासाठीं वर्णन करावयाचें तर फडावरच्या निवेदकाला कर्ण्यापुढून उठवून नभोवाणीपुढें नुसतें बसवून भागणार नाहीं; वेकलमसमोर बसविला होता तसा एक अंध श्रोता त्याच्यासमोरहि मनानें बसवावा लागेल. पंजा कोठें पडला, पाय कोणता उचलला, मल्ल कोणत्या अंगावर आहे, हें त्याला सांगावें लागेल. आणि तें सांगतांना तालीम आणि वस्ताद विसरूनहि चालणार नाहीं. असा निवेदक जें केंद्र प्रथम तयार करील तें दुसऱ्याच्या श्रोत्यांना आपल्याकडे ओढील, आणि मग दुसऱ्यालाहि तसाच शोधावा लागेल. बारामतीच्या दोन केंद्रांत मला पाहावयाची आहे ती चढाओढ ही.

दोन अडचणी मात्र राहतात. नियमाप्रमाणें सामुदायिक केंद्रानें आपले कार्यक्रम तीन महिने जपून ठेवावयाचे असतात. हें बंधन तक्रार आल्यास तपासणी करतां यावी म्हणून आहे, इतिहासासाठीं नव्हे. चैत्रांतल्या यात्रेचें समालोचन आषाढ संपेपर्यंत पुसून टाकलें तरी कायद्याचा भंग होत नाहीं. इनामाच्या पावत्या, फडाच्या जाहिराती, वस्तादांच्या वह्या यांतून कुस्तीचा इतिहास शोधणाऱ्यास काय कष्ट पडतात हें मी जाणतों. आवाजाची पेटी पुढच्या संशोधकासाठीं कोणी बांधून ठेवणार असेल तर ती याच दोन संस्थांपैकीं एखादीनें, आपल्या ग्रंथालयांत, तीन महिन्यांचा हिशेब न करतां बांधावी.

दुसरी अडचण अंतराची. सामुदायिक केंद्राची शक्ति शंभर वॅटची, मनोरा फार तर तीस मीटर उंचीचा, आणि आवाजाची मजल पांच ते दहा किलोमीटर. बारामतीपासून इंदापूर सुमारें पन्नास किलोमीटर. म्हणजे २००५ चा फड ज्या गांवानें भरविला त्या गांवांत बारामतीचीं दोन्ही केंद्रें ऐकूं जात नाहींत. मधल्या रस्त्यावर सणसरच्या अलीकडेच आवाज खरखरूं लागतो, आणि पुढें उजनीच्या पाण्यापर्यंत सारा तालुका आपला कर्णा घेऊन बसलेला आहे.